पडीक दहा गुंठ्यांत झाडं लावली तर रानातले पक्षी तिथे घरटी करतील का?

शेताच्या टोकाला सह्याद्रीतली झाडं लावली तर पक्षी नुसते येऊन बसतील की वीणही करतील, असं तुम्ही विचारलंय. करतील, पण झाडांखालचं तुम्ही साफ केलं नाहीत तरच. आपल्याकडे ओळीत खड्डे, चुना फासलेले बुंधे आणि खाली झाडून काढलेली माती, याला लोक जंगल म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. तिथे बुलबुल फळं खाईल, पण अंडी घालायला दुसरीकडे जाईल.

बुलबुल, शिंपी, सातभाई यांना छातीएवढी दाट झुडपांची जाळी लागते. कडेने करवंद, तोरण, बोर दोन-दोन हातांवर लावा, किमान तीन ओळी, एकाआड एक. एकेरी ओळ आरपार दिसते, आणि त्यातलं घरटं टकाचोराला, कावळ्याला लगेच सापडतं. ज्याच्या दर्शनाला आपण शुभ मानतो तो भारद्वाजही पिल्लं उचलतो. म्हणून लांब पट्टीपेक्षा चौकोन बरा, त्याला कड कमी. दहा गुंठे म्हणजे साधारण ३२ बाय ३२ मीटर. आत तीन-तीन मीटरवर उंबर, ऐन, हिरडा, भोकर, काटेसावर अशी साठ-सत्तर झाडं बसतात.

पांगारा रोपाने नको, खुंटाने लावा. मनगटाएवढा जाड, पाच-सहा फुटी खुंट मेअखेरीस दीड फूट खोल रोवायचा आणि वरचं टोक शेणमातीने लिंपायचं. लाकूड मऊ, म्हणून तांबट पक्ष्याला कोरायला सोपं. तो वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला दीड-दोन इंची गोल भोक पाडतो, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे रानचिमणी राहते. ती वाळकी फांदी सरपणाला नेली की दोघांचंही घर गेलं. राखी धनेशाला मोठी ढोली लागते, ती नव्या झाडाला कित्येक दशकं येत नाही. बांधावर जुना आंबा किंवा उंबर असेल तर त्याला हात लावू नका.

दयाळ पक्ष्यासाठी घरट्याची लाकडी पेटी चालते: तळ १५ बाय १५ सेंमी, उंची ३०, भोक ५, तळाला पाणी निथळायला छिद्रं. भोकाखाली दांडी ठोकू नका, तिचा फायदा शिकाऱ्यालाच होतो.

पालापाचोळा म्हणजे कचरा, हे ऐकून मी कंटाळलोय. फळं खाणारा बुलबुलही लहान पिल्लांना किडे-अळ्याच भरवतो, आणि त्या किड्यांचं कोठार म्हणजे हा पाला. तो जाळू नका. वणव्याची भीती असेल तर चौकोनाबाहेर तीन मीटरचा जाळपट्टा, म्हणजे आग अडवणारी मोकळी पट्टी, डिसेंबरातच काढा, मार्च ते मे या विणीच्या काळात नको. छाटणीही दिवाळीनंतर.

वीण झाली हे गाण्यावरून ठरवू नका. चोचीत अळी घेऊन पक्षी पुन्हापुन्हा एकाच जाळीत शिरतो आणि कधी पिल्लांच्या विष्ठेची पांढरी पुडी घेऊन बाहेर पडतो, ती खूण पक्की. फोटोसाठी पानं बाजूला करू नका.

किती वर्षं? पाणी आणि कुंपण असेल तर जाळीतले पक्षी तीन-चार वर्षांत, ढोलीतले बरेच उशिरा. कर्णा (मलबार ट्रोगन) मात्र दहा गुंठ्यांत येणार नाही, त्याला सलग जंगल लागतं. शेजारच्या पिकावर सतत फवारणी असेल तर एवढं करूनही पिल्लं उपाशी राहतील. घाणेरी असेल तर एकदम उपटू नका, करवंद दाटेल तशी दरवर्षी थोडी काढा. आणि साप येतात हे खरंच आहे, म्हणून हे सगळं घरापासून लांब करा.