केबल जोडली की इंटरनेट बंद पडते. रूटिंग टेबल कसे पाहावे आणि कसे वाचावे?

आपल्या विंडोज लॅपटॉपवर वायफायने इंटरनेट नीट चालते, पण सीसीटीव्हीच्या स्विचची केबल जोडताच ते बंद पडते, आणि ‘रूटिंग टेबल पाहा’ एवढेच आपल्याला कोणी सांगितले, असा आपला प्रश्न आहे. रूटिंग टेबल म्हणजे कोणत्या पत्त्याकडची माहिती कोणत्या जोडणीने पाठवायची, याची संगणकातील यादी. हाच प्रकार मी जळगाव एमआयडीसीतील एका डाळमिलमध्ये निस्तरला असल्याने जरा सविस्तर लिहितो.

कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रूट प्रिंट’ ही आज्ञा रोमन अक्षरांत टंकावी (लिनक्सवर ‘आयपी रूट’). आयपीव्ही४च्या (चार आकड्यांच्या नेहमीच्या पत्त्यांच्या) भागात पाच रकाने दिसतील : कोणत्या पत्त्यांकडे जायचे, त्यांचा मास्क (पत्त्याचा किती भाग जुळायला हवा, ते सांगणारा आकडा), गेटवे (पुढे नेणाऱ्या राउटरचा पत्ता), इंटरफेस (कोणत्या नेटवर्क कार्डातून जायचे) आणि मेट्रिक (मार्गाचा ‘खर्च’ सांगणारा आकडा). इंटरफेसच्या रकान्यात आपल्याच कार्डाचा पत्ता असतो. गेटवेच्या जागी ‘ऑन-लिंक’ असेल, तर ते यंत्र त्याच तारेवर आहे, मध्ये राउटर नको. १२७, २२४ आणि २५५ने सुरू होणाऱ्या ओळी सध्या सोडून द्याव्यात.

या टेबलात संपूर्ण मार्ग नसतो, फक्त पुढचा टप्पा असतो. जबलपूरला जाणाऱ्या डब्याबाबत भुसावळ जंक्शनला एवढेच ठरवायचे असते की तो नागपूरच्या नव्हे, खंडवा-इटारसीच्या मार्गावर घालायचा. इटारसीनंतरचे इटारसी पाहील. राउटरही असेच वागतात.

आता खरा मुद्दा. टेबल वरून खाली वाचले जात नाही. पत्त्याशी जुळणाऱ्या ओळींपैकी जिचा मास्क सर्वांत लांब, म्हणजे जी सर्वांत नेमकी, ती निवडली जाते; मेट्रिक केवळ बरोबरी झाल्यावर पाहिले जाते, आणि तेव्हा लहान आकडा जिंकतो. मेट्रिक आधी पाहतात, असा समज मला अनुभवी तंत्रज्ञांकडेही आढळला आहे. तो चुकीचा आहे. १९२.१६८.१०.५० या पत्त्यावरील रेकॉर्डरसाठी (सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रासाठी) २५५.२५५.२५५.० मास्कची ओळ जुळते आणि ०.०.०.० ही ‘बाकी सगळे’ सांगणारी ओळही जुळते, तरी पहिलीच लागू होते.

डाळमिलमध्ये ०.०.०.०च्या दोन ओळी होत्या, एक वायफायची आणि एक केबलची. मास्क सारखाच, म्हणून निर्णय मेट्रिकवर गेला. विंडोज सहसा वेगवान जोडणीला लहान मेट्रिक देते, त्यामुळे केबल जिंकली, आणि केबलच्या पलीकडच्या राउटरला इंटरनेटच नव्हते. आपल्याकडेही बहुधा हेच दिसेल.

उपाय म्हणून केबलच्या कार्डाला त्या नेटवर्कमधील, दुसऱ्या कोणी न वापरलेला स्थिर पत्ता द्यावा आणि गेटवेची चौकट कोरी ठेवावी. रेकॉर्डरची नेमकी ओळ कायम राहते, ०.०.०.०ची केबलवाली ओळ नाहीशी होते. कार्डाचे मेट्रिक हाताने वाढवूनही काम होते, पण कोरा गेटवे मला अधिक निर्धोक वाटतो.

एखादा कॅमेरा त्याच राउटरच्या पलीकडे, १९२.१६८.२०.० अशा वेगळ्या नेटवर्कवर असेल, तर ‘रूट अ‍ॅड’ने त्या नेटवर्कची ओळ स्वतः घालावी लागेल. ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवावी आणि तिच्यात ‘-पी’ अवश्य लिहावे, नाहीतर लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर ओळ पुसली जाईल.