ओपनलिनिएज: इव्हेंट पोचतात, पण ग्राफ तुटक का दिसतो

तुमची अडचण थोडक्यात अशी: रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी काम सुरू करणारं लिनक्सचं साधन) चालणाऱ्या पायथन स्क्रिप्टमध्ये ओपनलिनिएजचा, म्हणजे डेटा कुठून आला आणि कुठे गेला याच्या नोंदी पाठवण्याच्या खुल्या मानकाचा, क्लायंट घातलात, इव्हेंट (या नोंदी) मार्केझला, म्हणजे त्या साठवून ग्राफ दाखवणाऱ्या सर्व्हरला, पोचतात, जॉबही दिसतात, पण ऑर्डर्सचं टेबल भरणारा जॉब आणि त्याच टेबलावरून रिपोर्ट काढणारा जॉब ग्राफमध्ये जोडले जात नाहीत. काही रन (जॉबच्या एकेक फेऱ्या) दुसऱ्या दिवशीही 'रनिंग'मध्ये अडकलेले. मग हे सोडून स्वतःचं लॉग टेबल करावं का, असा प्रश्न.

लॉग टेबलाच्या नादी लागू नका. घोळ नावांचा आहे, आणि तो तिथेही तुमच्या मागे येणारच.

ही क्लायंट लायब्ररी म्हणजे नुसता पोस्टमन आहे. पत्ता चुकला तरी तो दुरुस्त करत बसत नाही. डेटासेटची (टेबल किंवा फाइलची) ओळख नेमस्पेस, म्हणजे डेटा कुठे ठेवलाय तो पत्ता, आणि नाव या जोडीवरून ठरते, आणि ही जोडी अक्षर न अक्षर जुळावी लागते. तुम्ही दाखवलेल्या इव्हेंटमध्ये भरणारी स्क्रिप्ट नेमस्पेसमध्ये पोस्टग्रेस डेटाबेसचं होस्टनेम आणि 5432 पोर्ट देते, आणि नावात डेटाबेस, स्कीमा, टेबल हे तिन्ही भाग टिंबांनी जोडते. रिपोर्टची स्क्रिप्ट नेमस्पेसमध्ये नुसता आयपी देते आणि नावात फक्त 'ऑर्डर्स'. तुमच्या लेखी टेबल एकच, मार्केझच्या लेखी दोन.

नावं कशी द्यायची याचे नियम ओपनलिनिएजच्या स्पेसिफिकेशनमध्ये दिलेले आहेत. पोस्टग्रेससाठी पहिल्या स्क्रिप्टचीच पद्धत बरोबर. एस-थ्रीला (अॅमेझॉनची फाइलसाठवण) नेमस्पेसमध्ये बकेट आणि नावात पाथ. बिगक्वेरीला (गूगलचं डेटा वेअरहाउस) नेमस्पेस सगळीकडे एकच, आणि प्रोजेक्ट, डेटासेट, टेबल हे सगळं नावात. पटो न पटो, हेच पाळा. उद्या तुम्ही जॉबचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या एअरफ्लोवर गेलात (2.7 पासून त्यात ओपनलिनिएजचा अधिकृत प्रोव्हायडर आहे) किंवा मोठा डेटा हाताळणाऱ्या स्पार्कला ओपनलिनिएजचा लिसनर जोडलात, तर तेही याच नियमांनी नावं पाठवतील आणि आजचा ग्राफ आपोआप पुढे जोडला जाईल. घरच्या लॉग टेबलाला हा फायदा कुठून मिळणार?

कनेक्शनवरून नेमस्पेस आणि नाव बनवणारं एकच फंक्शन सामाईक मॉड्यूलमध्ये ठेवा, आणि कुठल्याही स्क्रिप्टमध्ये हाताने लिहिलेली नेमस्पेस दिसली की रिव्ह्यूतच अडवा. आणखी एक बघा: रिपोर्ट रीड रेप्लिकावरून (डेटाबेसची फक्त वाचण्यासाठीची प्रत) तर वाचत नाही ना? तसं असेल तर होस्टनेम नीट लिहूनही ग्राफ तुटेल. रेप्लिका आणि डीएनएसची टोपणनावं प्रायमरीच्या (मूळ डेटाबेसच्या) नावावर आणण्याचं कामही त्याच फंक्शनला द्या.

जॉबच्या नावात तारीख घालू नका, नाहीतर रोज रात्री नवा जॉब जन्माला येतो. तारीख नॉमिनल टाइमच्या (रनच्या ठरलेल्या वेळेच्या) फॅसेटमध्ये, म्हणजे इव्हेंटला जोडायच्या जादा माहितीत, द्या. फाइलच्या पाथमध्ये तारखेचा फोल्डर असेल तर डेटासेटच्या नावातून तो भाग गाळा.

आता अडकलेले रन. स्टार्ट आणि कम्प्लीट या दोन्ही इव्हेंटना रनआयडी एकच लागतो. तुमच्या कोडमध्ये इव्हेंट बनवणाऱ्या फंक्शनच्या आतच हा आयडी (यूयूआयडी) तयार होतोय, म्हणजे दरवेळी नवा. एक रन सुरू होऊन कधी संपत नाही, दुसरा सुरू न होताच संपतो. आयडी सुरुवातीला एकदा बनवा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. एक्सेप्शन आलं तर त्याच आयडीने फेल पाठवा, सोबत एरर मेसेजचा फॅसेट. पण मेमरी संपून लिनक्सने प्रोसेसच मारली, तर तुमचा एक्सेप्ट ब्लॉक चालणारच नाही. त्यासाठी क्रॉनमधून स्क्रिप्ट थेट न चालवता छोट्या रॅपरमधून (तिला आतून चालवणाऱ्या दुसऱ्या स्क्रिप्टमधून) चालवा आणि शेवटचा इव्हेंट त्यालाच पाठवू द्या.

मार्केझ बंद असला तर पाइपलाइन थांबेल का? इमिट करताना, म्हणजे इव्हेंट पाठवताना, एचटीटीपी ट्रान्सपोर्ट (क्लायंटचा पाठवणारा भाग) एक्सेप्शन फेकतो, आणि तुम्ही ते पकडलं नाही तर हो, थांबेल. टाइमआउट मुळात 5 सेकंदांचा, वर रीट्राय. नोंद गेली नाही म्हणून पगाराचा रिपोर्ट अडावा, हे मला तरी मान्य नाही. इमिटभोवती ट्राय-एक्सेप्ट घाला, वॉर्निंग लॉग करा आणि पुढे चला. इव्हेंट हरवलेले चालणारच नसतील तर इव्हेंट रांगेत साठवून ठेवणाऱ्या काफ्काचा ट्रान्सपोर्ट आहे.

वेळ टाइमझोनसकट यूटीसीत द्या. भारतीय वेळेला नुसता झेड (यूटीसीची खूण) चिकटवणारे कोड मी बरेच पाहिलेत. मग इव्हेंट साडेपाच तास भविष्यातले दिसतात.

कॉलम पातळीचं लिनिएज, म्हणजे कुठला कॉलम कुठल्या कॉलमवरून आला, तुम्ही शेवटी विचारलंय. पायथन क्लायंट ते आपणहून शोधत नाही. फॅसेट तुम्हालाच भरून द्यावा लागतो. तुमचं काम बहुतेक एसक्यूएलमध्येच आहे, त्यामुळे ओपनलिनिएज प्रकल्पाचाच रस्ट भाषेत लिहिलेला एसक्यूएल पार्सर पायथनमधून वापरा. इनपुट-आउटपुट टेबलं आणि कॉलमचे धागे तो काढून देतो. पांडाज या पायथन लायब्ररीत केलेल्या जोडण्या मात्र हाताने लिहाव्या लागतील, तेव्हा आधी टेबलं जुळू द्या. ट्रान्सपोर्ट कन्सोलवर ठेवून (म्हणजे इव्हेंट मार्केझला न जाता स्क्रीनवर छापले जातील) दोन्ही स्क्रिप्ट चालवा आणि एकीचं आउटपुट व दुसरीचं इनपुट शेजारी ठेवून बघा. तिथे जुळलं तर मार्केझमध्येही जुळेल.