जुन्या, वापरलेल्या कापडांतून घरी गोधडी शिवायला कशी शिकावी?

सुरुवात कापड निवडण्यापासून करा, कारण गोधडी टिकते ती कापडावर. शंभर टक्के सुती घ्या. उजेडासमोर धरा, विरलेला भाग लगेच दिसतो. दोन्ही हातांनी ताणून बघा, टरकलं तर सोडून द्या. जुन्या चादरी आणि सुती शर्टांची पाठ यांत भरपूर सलग कापड मिळतं. ताणली जाणारी होजिअरी पहिल्या गोधडीत नकोच, चौकोन वेडेवाकडे होतात.

सगळं कापड कापण्याआधी धुवा. गडद लाल, निळं वेगळं भिजवा. रंग जाणारं असेल तर कितीही आवडलं तरी बाजूला ठेवा.

मग पुठ्ठ्याचा ५ इंची साचा करून चौकोन कापा. प्रत्येक बाजूला पाव इंच शिवण धरली की प्रत्येक तुकडा साडेचार इंचांचा उरतो, म्हणजे ८ गुणिले ८ अशा ६४ तुकड्यांत ३६ इंचांची छोटी गोधडी होते. शिकायला एवढी पुरे. चौकोन एकमेकांना शिवून जोडा; मशीन नसलं तरी अडत नाही, हातानं शिवा. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री मात्र हवीच, कोपरे जुळतात ते तिच्यामुळे.

खाली अस्तर, मध्ये जुनी पातळ चादर, वर चौकोनांचं जोडकाम. अस्तर चारही बाजूंनी दोन इंच मोठं ठेवा. आधी कच्चे टाके, म्हणजे थर हलू नयेत म्हणून नंतर काढायचे लांब टाके, घाला, मग मधून कडेकडे धावदोरा. कडेकडून आत आलात तर मध्ये फुगा येतो आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. टाके लहान-मोठे पडले तरी चालतील, तिन्ही थर पकडले जायला हवेत. शेवटी कडेला गोट, म्हणजे कापडाची पट्टी, शिवा.