ब्राऊन फॅट, बीटा-३ आणि ॲनिमल हाऊसचं तापमान

लातूरच्या ताईंचा प्रश्न आहे की जास्त चरबीचा आहार दिल्यावर उंदरांच्या ब्राऊन फॅटमधले (उष्णता देणारी तपकिरी चरबी) बीटा-३ रिसेप्टर (नसांचा निरोप घेणारी पेशीवरची प्रथिनं) वाढतात की घटतात, आणि दोन पेपर एकमेकांच्या विरुद्ध का बोलतात. ताई, आहाराचा तक्ता जरा बाजूला ठेवा. आधी दोन्ही पेपरांत जनावरं किती अंशाला ठेवली होती ते बघा.

सिंपथेटिक नसांतून (शरीराला आपोआप सावध करणाऱ्या नसा) नॉरॲड्रेनॅलिन हे रसायन येतं, बीटा-३ वर बसतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, साठलेली चरबी फुटते आणि सुटलेली फॅटी ॲसिडं यूसीपी-१ या प्रथिनाला चालू करतात. मग एटीपी (पेशीचं इंधन) बनण्याऐवजी उष्णता निघते. ही सोय मुळात थंडीसाठी. उंदराला सोयीचं तापमान ३० अंशांच्या आसपास. २२ अंशांच्या खोलीत त्याचं ब्राऊन फॅट आधीच कामाला जुंपलेलं असतं. २००९ साली स्टॉकहोमच्या गटाने दाखवलं, की यूसीपी-१ नसलेले उंदीर लठ्ठ होतात, पण गारठा काढून टाकल्यावरच.

आपल्याकडे खरी गोम इथेच आहे. प्रयोगाच्या जनावरांसाठीची नियमावली १८ ते २९ अंश चालवून घेते, पण ब्राऊन फॅटसाठी ही दोन टोकं म्हणजे दोन वेगळे प्रयोग. त्यात मराठवाड्याचा एप्रिल-मे. लाईट गेली, एसी बंद, जनरेटर फक्त डीप फ्रीझरला. कंट्रोल गट (तुलनेसाठीचा, साध्या आहाराचा) डिसेंबरात आणि आहाराचा गट मे महिन्यात उरकला असेल, तर त्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता आहार. रॉथवेल आणि स्टॉक यांनी १९७९ साली उंदरांना चमचमीत 'कॅफेटेरिया' खाणं दिलं आणि ब्राऊन फॅट पेटलेलं दाखवलं. उपाशी ठेवलं की सिंपथेटिक जोर उतरतो. चरबी कोणती, यानेही फरक पडतो. जपानमध्ये नव्वदच्या दशकात गाईच्या चरबीवर वाढवलेल्या उंदरांत, करडईच्या तेलावरच्या उंदरांपेक्षा, सिंपथेटिक हालचाल कमी आढळली. करडई आपल्याच रानातली, तेव्हा तुमच्या गाईडना हा गट नक्की सुचवा. उंदरांचा वाणही लिहा. सी५७बीएल/६जे उंदीर चरबीवर फुगतात, ए/जे सहसा फुगत नाहीत.

मोजता काय, तेही महत्त्वाचं. एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा जनुकाकडून आलेला निरोप) वाढला म्हणजे रिसेप्टर वाढला असं नाही. बीटा-३ च्या बाजारातल्या बऱ्याच अँटिबॉडी भरवशाच्या नाहीत; नुसत्या वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन मोजण्याची चाचणी) प्रबंध उभा करू नका. बीटा-३ ला चालू करणारं सीएल-३१६२४३ हे औषध टोचून ऑक्सिजनचा खप मोजलात तर रिसेप्टर खरंच काम करतो का ते कळेल. आणि पिंजऱ्याशेजारी तापमान नोंदवणारा लॉगर आजच लावा, भिंतीवरच्या थर्मामीटरवर जाऊ नका.