सोलापूरच्या उन्हात ॲक्वापोनिक्स: आधी खडीवर व्हिनेगर टाका

तुम्ही विचारलंय की जुळे सोलापुरात घराची गच्ची आहे, नळाला चार दिवसांआड पाणी येतं, बोअरचं पाणी जड आहे. तर 1000 लिटरची टाकी घेऊन मासे सोडावेत, वर लेट्यूस लावावं आणि हॉटेलांना विकावं, जमेल का?

करा की, पण लेट्यूस आणि हॉटेलं पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. मी पाच वर्षं हे ॲक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या टाकीचं पाणी खडीच्या वाफ्यातून फिरवून त्यावर भाजी पिकवणं, करतोय. माझा अनुभव सांगतो, आपल्याकडे मासे फारसा त्रास देत नाहीत. त्रास देतात ते ऊन, वीज आणि पाण्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा; 7 म्हणजे मधलं, त्याच्या वर अल्कधर्मी).

आधी वजनाचं बघा. 1000 लिटर पाणी म्हणजे एक टन. त्यात खडीचा वाफा आला की आणखी तेवढंच. गच्चीवर हे ठेवायचं तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका. माझं ऐकाल तर 500 लिटरची टाकी आणि एक चौरस मीटरचा, फूटभर खोल वाफा घ्या आणि शक्यतो खाली अंगणातच मांडा.

आता खडी. इथेच माझं पहिलं वर्ष वाया गेलं. डंपरवाल्याने टाकलेली खडी मी धुऊन भरली. पालक उगवला, पण नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोहाची कमतरता. लोह पाण्यात घातलं तरी फरक पडेना, कारण पीएच 8.2 च्या खाली यायलाच तयार नव्हता आणि एवढ्या पीएचला झाडाला लोह उचलता येत नाही. शेवटी एका जुन्या माळ्याने मूठभर खडी ताटलीत घ्यायला लावली आणि वर व्हिनेगर ओतायला सांगितलं. चार-पाच खडे सोडा वॉटरसारखे फसफसले. पांढरट, बोटाने खरवडले तर भुकटी निघणारे. चुनखडी! सगळा वाफा उपसला आणि क्रशरची काळी खडी आणली. आपल्या भागात काळ्या पाषाणाला काय तोटा? तीही व्हिनेगरनं तपासूनच घ्या. बोअरच्या जड पाण्यातही तोच क्षार असतो, म्हणून पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी साठवून मिसळा. नळाचं पाणी एक-दोन दिवस उघडं ठेवून वापरा. क्लोरीन जिवाणू मारतं.

जिवाणू म्हणालो, कारण या संसाराचा खरा कर्ता तोच. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट झाड खातं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोडा थोडा अमोनिया घालत रोज किटने तपासायचं. घाईने मासे सोडलेत तर मरतील, आणि पीएच जास्त असेल तर लवकर मरतील. 30 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी विषारी रूपात असतो, पीएच 8 ला तोच सात-साडेसात टक्के होतो. सोलापुरात मे महिन्यात टाकीचं पाणी 30 च्या खाली कुठलं राहतंय?

गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. एका मेमध्ये दुपारी तीनला लाईट गेली. मी पाचला घरी आलो तर सगळे मासे वर तोंड काढून भसाभसा हवा घेत होते, दोन पालथे. त्या दिवसापासून टाकीवर शेडनेट आहे, बाहेरून ओलं गोणपाट आहे, आणि वीज गेली की बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप आहे. इथे पैसे वाचवू नका.

मासा कोणता? जगभर या कामाला बहुतेक चिलापी (तिलापिया) घेतात, आणि उजनी धरणामुळे ती आपल्याला ओळखीची. पण तिच्या पालनाला सरकारी परवानगी लागते, मत्स्यव्यवसाय विभागात विचारा. कोणी स्वस्तात थाई मांगूर देत असेल तर घेऊ नका, तो बंदीचा आहे. मरळ हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे लाईट गेली तरी टिकतो, पण लहानमोठे एकत्र सोडलेत तर मोठा लहानाला गिळतो. सारख्या मापाची दहा बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पुरेत.

पालेभाजीच्या दर चौरस मीटर वाफ्यामागे माशांना रोज 40 ते 50 ग्रॅम खाद्य, हे मासे मोठे झाल्यावरचं गणित. लहान असताना संपेल तेवढंच द्या. हे खाद्य विकत आणावं लागतं, तेव्हा 'फुकटची शेती' वगैरे जे सांगतात ते सोडून द्या. पाणी मात्र खरंच वाचतं. माझ्याकडे मेमध्ये रोज बादली-दीड बादली भरावं लागतं, बाकी सगळं फिरतच राहतं.

लेट्यूस आपल्या उन्हात तुरा धरतं आणि कडू होतं, ते हिवाळ्यातच. उन्हाळ्यात चुका, अंबाडी, राजगिरा लावा. मावा पडला तर औषध मारू नका, कडुनिंबाचं तेलसुद्धा नको, ते पाण्यात उतरून माशांना बाधतं. पाण्याच्या फवाऱ्याने धुवा.

दसऱ्यानंतर सुरुवात करा. तोवर बोअरच्या पाण्याचा पीएच मोजून इथे टाका, आणि खडी घ्यायच्या आधी ताटलीतला फोटोही.