‘मुळे’ की ‘असताना’ : जळालेली केबिन आणि नाकारलेला दावा

ट्रकच्या 24 व्होल्टच्या बॅटरीवर 2000 वॉटचा इन्व्हर्टर बसवून केबिनमध्ये 230 व्होल्टची उपकरणे चालवणाऱ्या एका मालकांचे पत्र माझ्यासमोर आहे. बॅटरी बॉक्सजवळ आग लागून केबिन जळाली, आणि विमा कंपनीने ‘न कळवता केलेला फेरबदल’ असे एका ओळीचे कारण देऊन दावा फेटाळला. आता दाद विमा कंपनीविरुद्ध मागावी, इन्व्हर्टर बनवणाऱ्याविरुद्ध मागावी की तो बसवून देणाऱ्या इलेक्ट्रिशियनविरुद्ध, असा त्यांचा प्रश्न आहे. अशी पत्रे माझ्याकडे वरचेवर येतात. कोणाकडे इन्व्हर्टरच्या जागी फ्रीज असतो, कोणाकडे पंप, एवढाच काय तो फरक.

उत्तर त्या मालकांनाच देतो. फेरबदल आधी कळवायला हवा होता, हे मी पुन्हा सांगत बसत नाही. मात्र आपण सर्व्हेअर (विमा कंपनीने नुकसान पाहायला नेमलेला माणूस) कोणत्या सुरात बोलला तेसुद्धा तपशिलाने लिहिले आणि ज्या कलमाखाली दावा फेटाळला त्याचा मजकूर तेवढा पाठवला नाही, याचे मला नवल वाटते. सारे प्रकरण त्या कलमातील एका शब्दावर उभे आहे. पॉलिसी कोणत्याही भाषेत असो, त्या शब्दाचा अर्थ मराठीत ‘मुळे’ असा होतो की ‘असताना’ असा, एवढे आधी पाहा.

‘फेरबदलामुळे झालेले नुकसान भरून दिले जाणार नाही’ असे कलम असेल, तर तो अपवाद आहे, आणि अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याचा भार सर्वसाधारणपणे विमा कंपनीवर असतो. इन्व्हर्टर बसवला होता एवढे दाखवून तिची सुटका होत नाही. आग त्याच जोडकामातून लागली हेही तिला दाखवावे लागते. याउलट ‘न कळवलेला फेरबदल असताना झालेले कोणतेही नुकसान’ किंवा ‘लेखी सूचना ही कंपनीच्या दायित्वाची पूर्वअट आहे’ अशा अर्थाचा मजकूर असेल, तर कंपनीला आगीच्या कारणात शिरण्याची गरजच उरत नाही आणि आपली बाजू बरीच अवघड होते. तेथेही काही न्यायालये अटीचा भंग आणि नुकसान यांचा परस्परसंबंध तपासतात. आपल्या बाबतीत तसे होईलच, असे मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही. मजकूर खरोखरच दुहेरी अर्थाचा असेल, तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचावा हे तत्त्व आपल्या उपयोगी पडेल.

कलम ‘मुळे’चे आहे असे धरून पुढचे लिहितो, कारण तसे असेल तरच लढण्यात अर्थ आहे. 24 व्होल्टवर 2000 वॉट काढायचे म्हणजे हिशेबाने 83 अँपिअर, आणि इन्व्हर्टरमधील दहा टक्के घट धरली तर सुमारे 93 अँपिअर प्रवाह केबलमधून वाहतो. म्हणून ‘बॅटरी तर 24 व्होल्टचीच, तिच्यापासून काय धोका’ हा आपला मुद्दा उत्तरात लिहू नका. आग व्होल्टेज पाहून लागत नाही, ती एवढ्या प्रवाहाच्या उष्णतेने लागते, आणि समोरचा तज्ज्ञ हे वाक्य आपल्याच अज्ञानाचा पुरावा म्हणून वापरेल. आपण पाठवलेल्या फोटोत फ्यूज केबिनमध्ये, इन्व्हर्टरच्या शेजारी दिसतो. तो बॅटरीच्या धन टोकाजवळ हवा होता, कारण फ्यूज त्याच्या पुढच्या वायरचेच रक्षण करतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या केबलला मग कोणतेच संरक्षण उरत नाही. ही केबल जेथे पत्र्याच्या भोकातून वर जाते तेथे पत्र्याच्या धारेने केबल कापू नये म्हणून बसवतात ते रबरी कडे दिसत नाही. कंपनीचा वकील बोट ठेवेल ते याच भोकावर.

पण त्याच फोटोत, हातभर अंतरावर, स्टार्टरची जाड केबलही जळालेली दिसते. ती कारखान्यातून आलेली आहे आणि स्टार्टरच्या केबलला बहुधा फ्यूज नसतो. आग आधी तिच्यात लागली की इन्व्हर्टरच्या केबलमध्ये, या एका प्रश्नाच्या उत्तरावर दाव्याचे भवितव्य ठरेल. ते उत्तर तांब्यावरच्या खुणांवरून विद्युत अभियंता सांगू शकतो, मात्र तांबे शिल्लक असेल तर! आपण लिहिता की गॅरेजवाल्याने जळालेले वायरिंग कापून पोत्यात भरून ठेवले आहे आणि भंगारात द्यायचे का म्हणून तो विचारतो आहे. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत हाती येण्याआधी वायरिंग कापू द्यायला नको होते. निदान आता ते पोते ताब्यात घ्या, सील करा, आणि स्वतंत्र तज्ज्ञाकडून संयुक्त तपासणी व्हावी, अशी लेखी नोटीस विमा कंपनीला पाठवा. कंपनी आली नाही, तर तिची गैरहजेरी तपासणीच्या कागदावर नोंदवून घ्या. प्रकरण न्यायालयात तोंडी पुराव्यापर्यंत पोहोचेतो वर्षे जातात, तोवर साक्षीदारांची आठवण पुसट होते आणि तांबे हिरवे पडते. म्हणून तपासणी न्यायालयात दावा लावण्याआधी.

12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडून ट्रकचे 24 व्होल्ट होतात; त्यांच्या मधल्या टोकावरून 12 व्होल्ट घेऊन टेप चालवत होतो, हे आपण जाता जाता लिहिले आहे. तसे केल्याने दोन बॅटऱ्यांपैकी एक जास्त उतरते, आणि अल्टरनेटर (इंजिनावर चालून बॅटऱ्या चार्ज करणारे यंत्र) दोघींना मिळून सुमारे 28 व्होल्ट देत असल्याने दुसरीवर जास्त दाब येऊन तिच्यातून हायड्रोजन सुटू शकतो. हवेत तो चार टक्के झाला की पेट घेऊ शकतो. ही जोडणी नकारपत्रात नाही. विचारल्यास खरे सांगा, मात्र आपणहून तिचे स्पष्टीकरण देत बसू नका.

आता एका तारखेबद्दल. इन्व्हर्टरचे बिल पॉलिसीच्या शेवटच्या नूतनीकरणाआधीचे आहे की नंतरचे? आधीचे असेल आणि नूतनीकरणाच्या अर्जात ‘वाहनात बदल नाही’ यावर आपण खूण केली असेल, तर प्रश्न फेरबदलाचा न राहता चुकीच्या माहितीचा होतो, आणि मग ‘मुळे’ची वरची सगळी चर्चा बाजूला पडू शकते. अर्जात तसा प्रश्नच नसेल, तर आपली बाजू बरी आहे. विमा हा परम सद्भावाचा करार आहे, म्हणजे महत्त्वाची माहिती न विचारताही सांगावी लागते, हे लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी 1766 मध्ये कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात सांगितले आणि विमा कंपन्या ते आजही ऐकवतात. त्या खटल्यात जिंकला होता तो विमाधारक, हे मात्र त्या सांगत नाहीत. जे कंपनीला ठाऊक होते किंवा ठाऊक असायला हवे होते, ते न सांगितल्याबद्दल तिला तक्रार करता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. मागच्या तपासणीच्या वेळी कंपनीच्या माणसाने केबिनचे फोटो काढले असतील आणि त्यांत इन्व्हर्टर दिसत असेल, तर ते फोटो लेखी मागवा.

इन्व्हर्टर बनवणाऱ्याविरुद्ध मला आज काही दिसत नाही. फ्यूज कोठे असावा हे त्याच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले असेल, तर ती आपल्याच विरुद्ध जाईल. इलेक्ट्रिशियनविरुद्ध जागा आहे, पण बिलावर ‘फिटिंग’ एवढाच शब्द आहे आणि फ्यूज केबिनमध्ये ठेवायला त्याला कोणी सांगितले, हे आपण पत्रात टाळले आहे. त्याला नोटीस देण्यापूर्वी ते मला कळवा. मुदतीचा हिशेब नकारपत्र हाती आल्याच्या दिवसापासून होऊ शकतो, त्यामुळे त्या पाकिटावरील टपालाचा शिक्का जपून ठेवा आणि कलमाच्या पानासोबत त्याचीही छायाप्रत पाठवा.