मुलगी ॲथलेटिक ट्रेनर होणार म्हणते, पण नोकरी कुठे मिळेल?

मी मुलांना करिअरचं मार्गदर्शन करते, आणि न्यू जर्सीतल्या मराठी पालकांकडून हल्ली हा प्रश्न वरचेवर येतो. खेळाडूंच्या दुखापती बघायचं शिक्षण घेतलं, तर काम मोठ्या टीमकडेच ना? आणि तिथे नंबर लागणार किती जणांचा? ईशाच्या (नाव बदललंय) बाबांनी खुर्चीत बसता बसता तेच विचारलं. ते आयटीतले, मुलगी नुकतीच बारावीत गेलेली. सॉकर खेळताना तिच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशननंतर तिला पुन्हा पळतं केलं त्यात शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनर बाईंचा मोठा वाटा. तेव्हापासून तिने हेच डोक्यात घेतलंय.

"म्हणजे जिममध्ये असतात तसं का हो ताई?" आईंनी विचारलं. तसं नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1990 मध्ये या पेशाला आरोग्यसेवेत मान्यता दिली. आता त्यासाठी मास्टर्स, बोर्डाची परीक्षा आणि बहुतेक राज्यांत परवाना लागतो.

एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही. म्हणून मी तिघांना ऑगस्टमधल्या शाळेच्या (अमेरिकन) फुटबॉल सरावाला जाऊन बसायला सांगितलं. पुढच्या भेटीत बाबाच बोलत होते. मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याने भरलेला मोठा टब होता, कशासाठी ते त्यांनी बाईंना विचारलं. उन्हात पळून एखादा मुलगा कोसळला, अंगातला ताप 40 अंश सेल्सिअसच्या वर गेलेला असला, तर आधी त्याला तिथेच टबात थंड करायचं, ॲम्ब्युलन्सने न्यायचं ते त्यानंतर. हे सांगताना बाईंचे हात एका मुलाच्या घोट्याला टेप गुंडाळत होते. मग बाबांना आठवलं, 2 जानेवारी 2023 ला सिनसिनाटीत बफेलो बिल्स या फुटबॉल टीमचा डमार हॅमलिन हृदय बंद पडून कोसळला तो सामना त्यांनी टीव्हीवर पाहिला होता. त्याला सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवायचा उपाय) देणारे डेनी केलिंग्टन हे तेव्हा बिल्सचे सहायक ॲथलेटिक ट्रेनरच होते.

नोकरीचं म्हणाल तर प्रोफेशनल टीम हा यातला अगदी छोटा कोपरा. शाळा, कॉलेजं, ऑर्थोपेडिक डॉक्टरांची क्लिनिकं, सैन्याची प्रशिक्षण केंद्रं, अग्निशमन दलं, नृत्यसंस्था, इतकंच काय, गोदामं आणि कारखानेसुद्धा. दिवसभर खोकी उचलणाऱ्याची कंबर ही खेळाडूच्या खांद्याइतकीच जपावी लागते.

पालकांनी काळजी करायचीच असेल तर वेळेची आणि पगाराची करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळा सुटल्यावर सराव, शुक्रवारी रात्री सामना, शनिवारी पुन्हा हजेरी. फिजिकल थेरपिस्टला डॉक्टरेट लागते, पण पगारही साधारणपणे त्याचाच जास्त. हे मी ईशाला आईबाबांसमोरच सांगितलं. तिने विचारलं, "कारखान्यातल्या नोकरीत शनिवार मोकळा मिळतो का?" बऱ्याचदा मिळतो, पण शिफ्ट असतात. कॉलेजात गेल्यावर अशा एखाद्या ठिकाणी चार दिवस नुसतं बघायला जायचं, असं तिने ठरवलं.

बाबांचा ओढा अजून फिजिकल थेरपीकडेच आहे. त्यावर भांडायची आज गरज नाही. बॅचलर्सनंतर थेट मास्टर्सला जाता येतं, आणि शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, भौतिक हे विषय दोन्हीकडे बहुतेक ठिकाणी लागतातच. ते घेऊन किनेसिऑलॉजीला (शरीराच्या हालचालींच्या शास्त्राला) अर्ज करायचा, निवड तिसऱ्या वर्षी. आईंनी वहीत विषयांची नावं उतरवून घेतली आणि फीचं विचारायला सुरुवात केली.